चालू घडामोडी: पुस्तिका पाठ करायची की बातमीच्या मुळाशी जायचं?

हर्णैची ताई (दापोली)

आमच्या अभ्यासिकेत दर रविवारी स्पर्धा परीक्षेची सराव चाचणी असते. गेल्या रविवारी एक प्रश्न होता: जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठा किल्ल्यांपैकी बेटावरचे किल्ले कोणते? पर्यायांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. 26 जणांपैकी 19 जणांनी चारही धरले. त्यात एक मुलगी हर्णैचीच. तिच्या मागच्या पडवीतून सुवर्णदुर्ग दिसतो. 11 जुलै 2025 ही तारीख, पॅरिसचं 47वं अधिवेशन, भारताचं 44वं स्थळ, बारावा किल्ला तमिळनाडूतला जिंजी, हे सगळं तिला तोंडपाठ. मी विचारलं, "विजयदुर्गाला गेली आहेस?" "शाळेच्या सहलीला गेलो होतो की." "होडीने?" ती गप्प झाली. मग म्हणाली, "नाही ताई, चालत गेलो." आणि कपाळावर हात मारून घेतला.

विजयदुर्ग किनारी किल्ला आहे, बेटावरचे तीनच. हे तिच्या पायांना ठाऊक होतं, पण चालू घडामोडींच्या मासिक पुस्तिकेत "कोकणातील जलदुर्ग" असं एका ओळीत सगळ्यांना बांधलेलं होतं आणि तिने पुस्तिकेवर विश्वास ठेवला.

दुसरं उदाहरण देते. "महाराष्ट्राचा राज्य मासा: पापलेट, 2023." आमच्याकडची मुलं हे घोकतात आणि संध्याकाळी बंदरावर बापाबरोबर लिलावाला उभी राहतात. पापलेटच का, हे कुणी विचारत नाही. लहान पापलेट जाळ्यात येत राहिलं, अंडी घालायच्या आधीच मासा बाजारात गेला, आवक घटली, म्हणून त्याला हा दर्जा दिला. त्याच वर्षी राज्याने 54 प्रजातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला. आता पुढे जा. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याकडे, त्यापलीकडची केंद्राकडे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतली 21वी नोंद आणि संघसूचीतली 57वी नोंद काढून बघा. राज्याचा सागरी मासेमारी कायदा 1981चा, त्यात 2021 साली दुरुस्ती झाली. एका माशातून राज्यघटना, पर्यावरण आणि अर्थव्यवस्था असे तीन विषय झाले.

माझं म्हणणं सरळ आहे. महिन्याला दीडशे पानांची पुस्तिका गिळण्यापेक्षा वर्षात पन्नास-साठ बातम्या निवडा आणि त्या तळापर्यंत वाचा. कोकणातल्या मुलाला तर त्यातल्या दहा-बारा दारातच सापडतील. बोर्डाच्या निकालात आपला विभाग वर्षानुवर्षं पहिला येतो, पण लोकसेवा आयोगाच्या यादीत आपली नावं शोधावी लागतात. ह्याचं एक कारण हे पाठांतर आहे असं मला मनापासून वाटतं.

लांजेकर

ताई, विजयदुर्गाचं पटलं. बाकीचं नाही पटलं.

मी सकाळी आठ ते पाच काजूच्या कारखान्यात हिशेब बघतो. अभ्यासाला रात्रीचे साडेतीन तास मिळतात, पावसाळ्यात वीज गेली की दोन. वर्तमानपत्र आमच्या वाडीत येतच नाही, लांज्याहून कुणी आणलं तर आदल्या दिवशीचं वाचायचं. अशा माणसाला तुम्ही सातव्या अनुसूचीपर्यंत खणायला सांगताय. पुण्यात पेठेत राहून दिवसाचे दहा तास वाचणाऱ्याला ते जमेल.

राज्यसेवेच्या मागच्या पूर्वपरीक्षेत माझे दीड गुण कमी पडले. घरी येऊन चुकलेले प्रश्न तपासले. चालू घडामोडींत चार चुकले: दोन पुरस्कारांचे, एक नियुक्तीचा, एक खेळाडूचा. सांगा, यातल्या कशाच्या मुळाशी जायचं होतं? अमुक संस्थेवर अमुक व्यक्ती आली, ते माहीत असतं किंवा नसतं. प्रश्न दोन गुणांचा, चुकला की अर्धा गुण वजा. त्या चारांतला एक जरी पुस्तिकेतून पाठ असता तर मी आज मुख्य परीक्षेचा अभ्यास करत असतो.

आणि पुस्तिकेला एवढं वाईट म्हणू नका. 60 रुपयांत महिन्याचं सगळं एका जागी मिळतं. ती एसटीने पार्सल येते, मी ती जेवणाच्या सुट्टीत गोडाऊनमध्ये पोत्यावर बसून वाचतो. माझ्यासारख्याला तेवढाच आधार आहे.

कुडाळचो भाऊ

लांजेकरांनू, तुमचा म्हणणा माका अर्धा पटला. वेळेचा दुखणा खरा आसा, ता कोण नाकारूक शकणा नाय.

पण त्या 60 रुपयांत काय मिळतं ते सांगतो. माझ्याकडच्या एका पुस्तिकेत ठळक छापलं होतं: "कोकणातील कातळशिल्पांचा जागतिक वारसा यादीत समावेश." साफ चूक. 2022 साली ती संभाव्य यादीत गेली. संभाव्य यादी म्हणजे फक्त रांगेत नाव लागणं. पुढे प्रस्ताव, पाहणी, मग समितीचा निर्णय. ठिकाणं नऊ आहेत: सात रत्नागिरी जिल्ह्यात, एक आमच्याकडे कुडोपीला, एक गोव्यात. ही चूक माझ्या लक्षात आली ती केवळ मी कुडोपीच्या सड्यावर जाऊन आलोय म्हणून. तिथे चपला काढून त्या आकृत्यांच्या कडेने फिरताना तळपायाला खडकाची धग लागते, आणि गावचा माणूस सांगतो की अजून पुष्कळ व्हायचं बाकी आहे. एका शब्दाने विधान चूक ठरतं, आणि आयोग नेमका तोच शब्द बदलतो.

तुम्ही जे पाठ करताय ते खरं आहे की नाही, एवढं तरी कुणी तपासायला नको?

वाशिष्ठीकाठची (चिपळूण)

मी तिसरंच बोलणार आहे, ताईंना थोडं लागेल कदाचित.

"दारातली बातमी" म्हणजे आपल्याला कळलेली बातमी असं नसतं. 22 जुलै 2021 च्या पुरात आमच्या घराचा तळमजला पूर्ण पाण्याखाली होता. आई, मी आणि आजी गच्चीवर. माझ्या दहावीपासूनच्या सगळ्या वह्या गेल्या. त्यानंतर दोन वर्षांनी उत्तरलेखनाच्या सरावात प्रश्न आला: पश्चिम किनाऱ्यावरील शहरी पुरांची कारणे व उपाय. मला वाटलं हा माझाच प्रश्न. भराभर चार पानं लिहिली. दहापैकी तीन गुण मिळाले. खाली शेरा: "ही तक्रार आहे, उत्तर नाही."

रडू आलं, खोटं कशाला सांगू. पण पुन्हा वाचलं तेव्हा कळलं की मी फक्त पाणी किती चढलं आणि मदत कधी आली एवढंच लिहिलं होतं. कमी वेळात पडलेला प्रचंड पाऊस, भरतीची वेळ, नदीत साचलेला गाळ, पात्रालगतचं बांधकाम, कोयनेचं वीजनिर्मितीनंतरचं पाणी वाशिष्ठीत येतं ही गोष्ट, पूररेषेचा प्रश्न, यातलं काहीच मी लिहिलं नव्हतं. ज्या नागपूरच्या मुलाने वाशिष्ठी कधी पाहिली नाही त्याला सात गुण होते, कारण त्याने नीट टिपण काढलं होतं.

म्हणून मला वाटतं, गावचं म्हणून वाचायला जावं तर आपण बाजू घेऊन बसतो. कोरडं टिपण त्या मानाने बरं.

डहाणूचा

वरच्या ताईंना शंभर टक्के दुजोरा. आमच्याकडे होणाऱ्या वाढवण बंदराचा विषय जेवणाच्या ताटावरसुद्धा निघतो. भूमिपूजन 30 ऑगस्ट 2024 ला पालघरला झालं. खर्च 76 हजार कोटींच्या वर, भागीदारी जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण 74 टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळ 26 टक्के. हे आकडे पुस्तिकेत असतात. पण 1991 ला डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झाला आणि 1996 ला न्यायालयाच्या आदेशाने तालुक्यासाठी पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं, हे नसतं. उलट आमच्या मच्छीमार वस्तीतल्या पोरांना 1991 आणि 1996 पाठ आहे, पण तिथे पाण्याची नैसर्गिक खोली जास्त आहे म्हणून ती जागा निवडली, हे लिहायला त्यांचा हात धजत नाही. परीक्षकाला दोन्ही लागतं.

हर्णैची ताई (दापोली)

चिपळूणच्या ताईंचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. त्यांचं म्हणणं बरोबर आहे, आणि मी ते आधीच लिहायला हवं होतं. जवळचं म्हणजे समजलेलं नव्हे. पण ताई, तुमच्या शेऱ्यातूनच माझा मुद्दा निघतो. दुसऱ्यांदा वाचताना तुम्ही गाळ, भरती, पूररेषा असं सुटं सुटं करून पाहिलंत, त्यालाच मी मुळाशी जाणं म्हणते. ते टिपण नागपूरच्या मुलाने काढलं होतं, पुस्तिकेने नाही.

लांजेकर, तुम्हाला उत्तर देणं जास्त अवघड आहे. मला दुपारी तीन तास रिकामे मिळतात, तुम्हाला नाही. नियुक्त्या, पुरस्कार, खेळ यांना मूळ नाही हे मान्य. ते पाठच करायचं, दुसरा मार्ग नाही. मी सरसकट बोलले ते चुकलं.

पण एक सांगा. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे. हा बदल 2023 लाच यायचा होता, पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली म्हणून 2025 पर्यंत पुढे गेला. नऊ पेपर, 1750 गुण, वर 275 ची मुलाखत. दीड गुण मिळवून तुम्ही पूर्वपरीक्षा पार केलीत, की तीन महिन्यांत पापलेटवर अडीचशे शब्द लिहायचे आहेत. तेव्हा "राज्य मासा: पापलेट" या तीन शब्दांचं काय करणार?

लांजेकर

आधी तिथे पोचू तर द्या, ताई. जो दारातच अडलाय त्याला माजघराची रचना सांगून काय उपयोग?

आणि मुख्य शंका तशीच आहे. पन्नास-साठ बातम्या निवडा म्हणता. निवडणार कोण? तुम्ही निवडलेल्या आणि आयोगाने निवडलेल्या जुळल्या नाहीत तर वर्ष माझं जाणार. घरी बाबा काही बोलत नाहीत, पण पुढच्या वर्षी माझं वय एकतीस होतं हे त्यांना माहीत आहे. दीडशे पानं वाचली की निदान काही राहून गेलं नाही एवढं समाधान असतं.

कुडाळचो भाऊ

आयोगाचे जुने पेपर घेऊन बसा. मागच्या पाच वर्षांचे चालू घडामोडींचे प्रश्न एका वहीत उतरवा, फार तर दोन रात्री जातील. त्यात कुठल्या प्रकारची बातमी पुन्हा पुन्हा येते ते डोळ्यांनी दिसतं. मी तसं केलं तेव्हा पुस्तिकेतली निम्मी पानं आपोआप गळली. संघ लोकसेवेचं बघायचं तर 2023 पासून "वरीलपैकी किती विधाने बरोबर" असे प्रश्न आले. तिथे एक विधान नक्की ठाऊक असून भागत नाही, पर्याय कापून उत्तर काढता येत नाही.

हर्णैची ताई (दापोली)

लांजेकर, माझ्याकडे अशी वही आहे, चार वर्षांची, विषयवार. नियुक्त्या आणि पुरस्कारांची पानं वेगळी काढलेली आहेत, ती पाठच करा. रत्नागिरीच्या एसटीने लांज्याला पाठवते, स्थानकावर कुणाला देऊ तेवढं कळवा. आत मासेमारीचं पान आहे, त्यात 54 प्रजातींची यादी चिकटवली आहे. ती घोकू नका, फक्त पापलेट, सुरमई आणि बांगडा यांच्यापुढचे आकडे बघा. ते मी बाबांच्या पाटीतले मासे पट्टीने मोजून तिथे पेन्सिलने पुन्हा लिहिले आहेत.