थंडीत खुराडं रात्री पूर्ण झाकावं का?

प्रश्न (निफाड तालुका): २० गिरिराज कोंबड्या आहेत. खुराडं ८ बाय ६ फूट, वर पत्रा, खाली ३ फूट विटांची भिंत आणि तिच्यावर ४ फूट जाळी. पारा ६ अंशांपर्यंत उतरतो म्हणून रात्री चारही बाजूंनी ताडपत्री सोडतो. सकाळी पत्र्यातून आत पाणी ठिबकतं, खाली पसरलेलं तूस ओलं लागतं, दार उघडलं की डोळे चुरचुरतात. दोन कोंबड्या शिंकतायत. शेगडी ठेवू का?

उत्तर १: शेगडी अजिबात नको. कोंडलेल्या जागेत कोळशाचा न दिसणारा विषारी वायू (कार्बन मोनॉक्साइड) माणसालाही मारतो. पूर्ण पिसं आलेल्या कोंबडीला ६ अंशांची थंडी सोसते, तिला बाधते ती ओल आणि अमोनिया. तिच्या श्वासातली वाफ गार पत्र्याला लागून दव होते, तेच तुसावर पडतं. ओल्या तुसात शीट कुजली की अमोनिया सुटतो आणि श्वासनलिका सोलून निघते. मग शिंका येणारच.

ताडपत्री वरून सोडू नका, उलटी बांधा. खालची कड भिंतीला पट्टी ठोकून पक्की करा, वरच्या कडेला बांबू आणि दोरी. दोरी ओढली की पडदा खालून वर चढतो. दोन्ही ८ फुटी बाजूंना पत्र्याखालचे ६ ते ९ इंच रात्रभर उघडे राहू द्या. वाफ वरून निघून जाते. बसायची दांडी २ फुटांवर ठेवा, म्हणजे कोंबडी भिंतीच्या आडोशाला राहते आणि वारं डोक्यावरून जातं. उत्तरेच्या बाजूला मात्र पडद्याची खालची कड भिंतीला नीट चिकटलेली हवी, तिथे फट असेल तर झोत थेट अंगावर येतो. उघड्या पट्टीला अर्ध्या इंचाची जाळी असू द्या, मुंगूस नि साप तिथूनच शिरतात.

उत्तर २: तुसात चुना भुरभुरवा, ओल जाते.

उत्तर १: ओल जाते खरी, पण ओल्या शीटेवर चुना पडला की अमोनिया आधी जास्तच उसळतो. आधी गठ्ठे झालेलं तूस काढून टाका, कोरडं घालून थर ४ इंचांचा करा. चुना टाकायचाच तर दुपारी, पडदे पूर्ण उघडे आणि कोंबड्या बाहेर असताना. तूस मुठीत दाबून बघा: गोळा तसाच राहिला तर ओलं, सुटून पडला तर ठीक. रोज सकाळी ऊन आलं की पडदे खाली सोडा आणि दाताळ्याने तूस खालीवर करा.

प्रश्नकर्ता: पाण्याचं भांडं रात्री आतच असतं.

उत्तर ३: संध्याकाळी बाहेर काढा, अंधारात कोंबडी पीत नाही. दिवसा ते विटेवर, तिच्या पाठीच्या उंचीला ठेवा, सांडणं कमी होतं. शिंकणाऱ्या दोघी आजच वेगळ्या करा. शीट हिरवी झाली, मान वाकडी दिसली किंवा घरघर वाढली तर राणीखेत हा विषाणूचा रोगही असू शकतो, मग हवा बदलून भागत नाही. पशुवैद्यकांना दाखवा, आणि लसीची तारीख सोबत न्या.