इलेक्ट्रिक गिटारवर पाण्यावरचे रंग उतरवताना येणाऱ्या अडचणी

सहातारी (पुणे) :

नमस्कार. आयबानेझ कंपनीने १९९० साली अमेरिकन गिटारवादक स्टीव्ह वाय यांच्यासोबत बाजारात आणलेल्या युनिव्हर्स मालिकेत यूव्ही ७७ एमसी नावाची सात तारांची गिटार होती. तिच्यावरची रंगांची वळणे पाहिल्यापासून आपल्या गिटारवर तसे काही उतरवावे, असे माझ्या मनात आहे. त्या गिटारींच्या बॉडी रंग तरंगणाऱ्या पाण्यात हाताने बुडवून काढलेल्या असल्यामुळे कोणत्याही दोघींची नक्षी सारखी नाही आणि मला नेमके त्याचेच आकर्षण आहे.

एका जुन्या गिटारची बॉडी घासून, तिला पांढरा प्रायमर देऊन मी दोन वेळा प्रयत्न केला. पहिल्या वेळी पिंपातल्या पाण्यावर सोडलेला ऑइलपेंट पसरलाच नाही. त्याचे वाटाण्याएवढे गोळे झाले आणि काही तळाशी गेले. दुसऱ्या वेळी टर्पेंटाइन घालून रंग पातळ केला, तो छान पसरला, बॉडी पाण्यात जाताना नक्षीही सुरेख बसलेली दिसली, परंतु वर काढताना तिच्यावर रंगाचा आणखी एक थर चिकटला आणि सगळे मळकट तपकिरी झाले. शिवाय पिकअपच्या (तारांची कंपने टिपणाऱ्या चुंबकी भागांच्या) खाचांभोवती रुपयाच्या नाण्याएवढे पांढरे डाग राहिले. बॉडी आता पुन्हा घासून ठेवली आहे. तिसऱ्या प्रयत्नापूर्वी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

रंधा_आणि_काचपेपर (नाशिक) :

आपल्या तिन्ही अडचणी मी भोगलेल्या आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

रंगाचे गोळे होण्यावर उपाय टाकणखार, म्हणजे बोरॅक्स. सोनारकामाचे साहित्य विकणाऱ्या दुकानात तो मिळतो. थंड पाण्यात तो लवकर विरघळत नाही, म्हणून आधी गरम पाण्यात विरघळवून मग पिंपात ओतावा. मी वीस लिटर पाण्याला दोन मोठे चमचे या हिशेबाने घालतो. पिंप आदल्या रात्रीच भरून ठेवावे. नळाच्या ताज्या पाण्यात हवा असते आणि तिचे बारीक बुडबुडे बॉडीला चिकटले, की तेवढ्या ठिकाणी रंग बसत नाही. सर्व रंग एकाच कंपनीचे सिंथेटिक इनॅमल घ्यावेत आणि सगळे सारखेच पातळ करावेत. काडीच्या टोकावरून रंग थेंबाथेंबाने सुटू लागला, की पुरे. त्याहून पातळ केल्यास खालचा प्रायमर दिसू लागतो. पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक रंग या कामाला चालत नाहीत.

आता मुख्य चूक. बॉडी पाण्याखाली गेली, की तिचे रंगकाम संपलेले असते. त्यानंतर पाण्यावर जो रंग उरतो तो शत्रू समजावा. बॉडी पूर्ण बुडालेली ठेवूनच वर्तमानपत्राच्या रुंद पट्ट्यांनी पाण्याचा पृष्ठभाग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओढून घ्यावा, नवी पट्टी घेऊन पुन्हा ओढावा, आणि खालची बॉडी स्वच्छ दिसू लागल्यावरच ती वर काढावी. एका हाताने बॉडी दाबून धरून दुसऱ्या हाताने हे जमत नाही. मदतीला माणूस घ्यावा. मी मानेच्या खाचेत लाकडी दांडा स्क्रूने पक्का करतो आणि बॉडी उभी धरून, न थांबता, एकाच गतीने खाली नेतो. मध्ये हात थबकला, तर तिथे आडवी रेघ उमटते. रंग सोडल्यापासून बुडवेपर्यंत फार वेळ घालवू नये, कारण वरचा रंग साय धरतो आणि ती साय लाकडावर चुरगळून बसते.

पांढरे डाग हे खाचांमध्ये अडकलेल्या हवेचे आहेत. बॉडी खाली जाताना ती हवा बुडबुड्यांनी बाहेर येते आणि आजूबाजूचा रंग दूर सारते. पिकअपच्या, कंट्रोलच्या आणि मागच्या स्प्रिंगच्या खाचा फोमने भरून वरून टेप लावावी, तसेच स्क्रूची भोके मेणाने बुजवावीत. तिथून पाणी आत शिरले, तर लाकूड फुगते.

गॅरेजवाला_गिटारिस्ट (कोल्हापूर) :

वरील उत्तरात वाळवण्याचा विषय राहिला आहे. नक्षी हाताला कोरडी लागली, म्हणजे इनॅमल आतून वाळले असे नव्हे. पहिल्या गिटारवर मी चौथ्याच दिवशी गाड्यांना मारतो तो टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक लॅकर) भरपूर मारला आणि दहा मिनिटांत सगळी नक्षी दुधावरच्या सायीसारखी सुरकुतली, कारण क्लिअरमधल्या तीव्र थिनरने खालचे अर्धे ओले इनॅमल उचलले. तेव्हापासून मी किमान तीन आठवडे थांबतो, पावसाळ्यात त्याहूनही अधिक, आणि त्याच दिवशी त्याच रंगात बुडवलेल्या प्लायच्या तुकड्यावर क्लिअर मारून पाहिल्याशिवाय बॉडीला हात लावत नाही. पहिले दोन हात अगदी धुक्यासारखे हलके द्यावेत आणि मधल्या काळात ते सुकू द्यावेत. रंगांच्या सीमांवर बोटाला उंचवटा जाणवतो. तो क्लिअरच्या पुरेशा थरात बुडाल्यावरच वॉटरपेपर फिरवावा, अन्यथा नक्षीच घासली जाते.

टू-के क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासातून अपाय करणारे रसायन असते. कापडी किंवा धुळीचा मास्क त्यापुढे निरुपयोगी आहे. घरच्या गच्चीवर हे काम करू नये. स्प्रे बूथ (फवारणीची बंदिस्त खोली) असलेल्या गॅरेजमधून करून घ्यावे.

अबरी (सोलापूर) :

थोडे विषयाच्या कडेने लिहिते, परंतु आपल्याला उपयोग होईल. तरंगता रंग उचलून घेण्याची ही कला दख्खनला नवीन नाही. सतराव्या शतकात विजापूरच्या आदिलशाही चित्रकारांनी कागदाचा काही भाग झाकून ठेवून घोडे, स्वार अशा आकृतींच्या आत अबरीची नक्षी भरली. फारसीत अब्र म्हणजे ढग, त्यावरून अबरी. कागदाच्या अबरीत पाणी डिंकासारख्या पदार्थाने दाट करतात, त्यामुळे रंग जागचे हलत नाहीत आणि फणीने ओळी ओढता येतात. गिटार मात्र साध्या पाण्यात खोल बुडवावी लागत असल्याने तेवढा ताबा मिळत नाही. झाकण्याची युक्ती तुम्हालाही वापरता येईल. एका रंगाची बॉडी पूर्ण वाळल्यावर तिच्या कडेला टेप लावून मधलाच भाग नक्षीसाठी मोकळा ठेवला, तर वळणांना चौकट मिळते आणि ती अधिक उठून दिसतात.

सहातारी (पुणे) :

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल बादलीत टाकणखार घालून प्लायचे सहा तुकडे बुडवले. पहिले दोन वाया गेले, कारण रंग नीट ढवळलेला नव्हता. तिसऱ्यापासून मात्र निळ्याच्या आत पिवळ्याची केसाएवढी बारीक रेघ उमटली आणि वर्तमानपत्राने पाणी निवळून घेतल्यामुळे ती तशीच राहिली. बॉडी दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर बुडवीन. एक शंका उरते : पिंपातल्या रंगीत पाण्याचे काय करावे?

रंधा_आणि_काचपेपर (नाशिक) :

ते गटारात किंवा झाडांना मुळीच ओतू नये. वरचा रंग कागदाने पूर्ण टिपून घ्यावा आणि झाकण लावून ते पाणी पुढच्या बॉडीसाठी राखून ठेवावे. माझे एकच पाणी चार गिटारींना पुरले आहे. रंगाचे कागद आणि चिंध्या गोळा करून ढिगात ठेवू नयेत, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्यात आणि मगच टाकाव्यात.