"कधी परत येणार?" हा पाठिंबा की तगादा? झिंगनच्या गुडघ्यावरून एक प्रश्न

सावंतवाडीकर

24 एप्रिल 2024 ची रात्र. गोव्यात फातोर्ड्याला आयएसएल या फुटबॉल लीगच्या उपांत्य फेरीचा पहिला सामना, गोवा 2-0 ने पुढे, घड्याळात नव्वदावं मिनिट. आम्ही सावंतवाडीहून गाडी करून गेलेले पाच जण, दुसऱ्या सामन्यासाठी मुंबईला कसं जायचं ते ठरवत होतो. तेवढ्यात मुंबईच्या छांगतेने एक मारला. पुढच्याच मिनिटाला विक्रमने दुसरा. आणि भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगते. मुंबई 3, गोवा 2. माझ्या मागच्या रांगेत पिकल्या केसांचे एक गृहस्थ होते. ते खुर्चीवर बसले आणि एवढंच म्हणाले, "संदेश आशिल्लो जाल्यार!" म्हणजे, संदेश असता तर!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. संदेश झिंगन, भारताचा आणि एफसी गोवाचा बचावपटू. 23 जानेवारीला कतारमध्ये आशिया चषकात सीरियाविरुद्ध खेळताना त्याचा गुडघा गेला आणि दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच त्याला बाहेर यावं लागलं. गोव्याचा उरलेला मोसम त्याच्याविना झाला.

परतताना गाडीत मी मोबाइल काढला आणि त्याच्या फोटोखाली लिहिलं, "भाई, लवकर परत ये, तुझ्याशिवाय बचाव उघडा पडलाय." खाली तशाच शेकडो ओळी होत्या. तेव्हा मला तो पाठिंबा वाटला होता. आज वाटत नाही. हरलो आम्ही, आणि ओझं टाकलं ते अंथरुणावरच्या माणसावर.

हे त्याच्या बाबतीत दुसऱ्यांदा घडत होतं. ऑक्टोबर 2019 मध्ये गुवाहाटीला सराव सामन्यात त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. लगेच पुढच्या आठवड्यात कोलकात्यात बांगलादेशविरुद्ध सामना होता. आपण गोल खाल्ला, 88 व्या मिनिटाला आपल्या गोव्याच्या आदिल खानने हेडर मारून बरोबरी साधली म्हणून अब्रू वाचली. तेव्हाही सगळीकडे एकच वाक्य, झिंगन असता तर.

माझं म्हणणं साधं आहे. जखमी खेळाडूला परतीची तारीख विचारायची नाही, एवढा नियम चाहत्यांनी स्वतःला घालून घ्यावा. "कधी येतोस?" हा प्रश्न प्रेमाचा दिसतो, पण तो तगादा आहे. तुम्हाला काय वाटतं?

फोंड्याची लेक

दादा, तुमचा हेतू चांगला आहे, पण मी पूर्ण विरोधात आहे. माझा स्वतःचा एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं मुख्य लिगामेंट, गेलाय, म्हणून हे लिहितेय.

मी कॉलेजकडून आणि नंतर एका क्लबकडून खेळायचे. पावसानंतरचं मैदान, वळायला गेले, बुटाचे स्टड मातीत अडकले आणि गुडघा आतल्या आत फिरला. "टक्" असा आवाज मला स्वतःला ऐकू आला. ऑपरेशन झालं. पहिला आठवडा मुली आल्या, फुलं आली, प्लास्टरच नाही म्हणून सही कुठे करायची यावर हसणं झालं. त्यानंतर शांतता.

रोज सकाळी टाचेखाली प्लास्टिकची पिशवी घालून लादीवर पाय सरकवत गुडघा वाकवायचा. आई दर रविवारी शिवणकामाची टेप घेऊन दोन्ही मांड्या मोजायची आणि आकडे कॅलेंडरवर लिहायची. ऑपरेशनचा पाय दोन इंचांनी बारीक झाला होता. पाच महिने तो आकडा मला आणि आईलाच माहीत होता. क्लबमधून एकानेही विचारलं नाही की तू कधी येतेस. त्यांनी माझ्या जागी दुसरी मुलगी घेतली होती.

तुम्ही ज्याला तगादा म्हणता त्यासाठी मी काहीही दिलं असतं. "कधी येतेस?" याचा अर्थ "तुझी जागा आहे" असा होतो.

2022-23 च्या एकाच मोसमात आर्सेनलच्या महिला संघातल्या चौघींचा एसीएल गेला. मीड, मीडेमा, विल्यमसन आणि वीनरोइदर. इंग्लंडची कर्णधार विल्यमसन आणि मीड दोघी 2023 च्या विश्वचषकाला मुकल्या. मे 2025 मध्ये लिस्बनला चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात बार्सिलोनाविरुद्ध एकच गोल झाला, त्याचा पास मीडचा होता. तो गोल बघताना मी एकटीच घरात ओरडले. ती बाहेर असताना तिची वाट बघणारे लोक होते म्हणून त्या पासचं मोल आहे.

गुडघ्याचा फिजिओ

मी नाशिकला प्रॅक्टिस करतो. फुटबॉलपेक्षा कबड्डीचे गुडघे जास्त येतात माझ्याकडे, पण लिगामेंट तेच.

ताईंचं दुःख मी रोज बघतो. तरी या वादात मी सावंतवाडीकरांच्या बाजूने आहे, आणि कारण शरीराचं आहे. तुटलेलं लिगामेंट शिवून भागत नाही. मांडीमागच्या स्नायूचा किंवा वाटीखालचा दोरा, म्हणजे कंडरा, घेऊन तो हाडात बोगदा पाडून बसवतात. तो दोरा सुरुवातीच्या महिन्यांत कमजोर होतो, मग हळूहळू त्याचं लिगामेंट बनतं. आणि नेमकं तेव्हाच, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, पेशंटला वाटतं की आपण बरे झालो. सूज उतरलेली, दुखणं नाही, जिना चढता येतो. आत मात्र काम अर्धवट असतं. नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरणाऱ्यांत गुडघा पुन्हा जाण्याचं प्रमाण बरंच जास्त दिसतं.

आता त्या चौथ्या महिन्यातल्या मुलाला शंभर माणसं विचारतात, कधी येतोस. तो मला येऊन म्हणतो, "सर, काही दुखत नाही, सोडा ना." माझं निम्मं काम त्याला थांबवण्याचं असतं.

ब्राझीलच्या रोनाल्डोचं आठवा. त्याचा एसीएल नव्हता, वाटीखालचा कंडरा होता, पण गोष्ट तीच. नोव्हेंबर 1999 मध्ये इटलीतल्या इंटर क्लबकडून लेच्चेविरुद्ध दुखापत, ऑपरेशन, आणि पाच महिन्यांत, 12 एप्रिल 2000 ला रोममध्ये लाझिओविरुद्ध कप फायनलला बदली खेळाडू म्हणून मैदानात. काही मिनिटांतच चेंडू घेऊन पुढे जाताना, कुणीही धक्का न लावता, तो गुडघा धरून कोसळला. त्या वेळी सगळ्या जगाला तो परत हवा होता.

पेठकरी

तुम्ही सगळे टीव्हीवरच्या खेळाडूंचं बोलताय. जरा कोल्हापुरात या.

आमच्याकडं फुटबॉलचे संघ तालमींचे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, कुणाचीही मॅच असू दे, शाहू स्टेडियमची गॅलरी भरलेली असते. पेठेतला खेळाडू म्हणजे घरातला पोरगा. गेल्या मोसमात आमच्या एका फॉरवर्डचा गुडघा गेला. त्याचं नाव लिहीत नाही, तालमीचंही नाही, कारण पुढचं सांगायचंय.

पहिल्या हाफलाच त्याचा पाय मुरगळला होता. हाफ टाइमला स्प्रे मारला, पट्टी करकचून बांधली आणि तो परत उतरला. का उतरला? गॅलरी त्याच्या नावानं ओरडत होती. त्यात मी पण होतो, घसा बसेपर्यंत. दहा मिनिटांत त्यानं उडी मारली, खाली आला तो उठलाच नाही. हे माझ्या छातीवर आहे. म्हणून सावंतवाडीकरांचं म्हणणं मला कळतं.

पण पुढचं ऐका. पोराचे वडील रिक्षा चालवतात. ऑपरेशनचा खर्च दीड लाखाच्या वर सांगितला. कसला विमा, कसला करार! त्याच गॅलरीतल्या लोकांनी चार दिवसांत पैसे उभे केले. भाजीवाल्या मावशीनं शंभर रुपये दिले. ज्यांच्याबरोबर आमची हाणामारीपर्यंत जाते त्या दुसऱ्या तालमीची पोरं पाकीट घेऊन त्याच्या दारात आली. आणि प्रत्येक जण देताना काय म्हणाला असेल? "लवकर बरा हो गड्या, पुढच्या सीझनला पाहिजेस." तुमचा नियम लावला तर हे लोक गप्प बसतील, आणि गप्प बसलेला माणूस खिशात हात घालत नाही. आमच्याकडं ओरडणं आणि देणं एकच आहे.

सावंतवाडीकर

पेठकरी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी लिहिताना पगार चालू असलेला, क्लबचा डॉक्टर असलेला खेळाडू डोळ्यांसमोर ठेवला होता, हे कबूल करतो. रिक्षावाल्याच्या मुलाला माझा नियम लागू होत नाही.

ताई, तुमच्याबद्दल मात्र मला वाटतं की तुम्ही आणि मी एकच मागतोय. तुमची मांडी किती भरली हे कुणी विचारलं नाही, हे तुमचं दुःख आहे. मला तेच म्हणायचंय. झिंगनच्या फोटोखाली मी त्याचा पाय कसा आहे हे विचारलं नव्हतं, आमचा बचाव उघडा पडलाय हे सांगितलं होतं.

तो जवळपास दहा महिन्यांनी, 18 नोव्हेंबर 2024 ला हैदराबादमध्ये मलेशियाविरुद्ध पुन्हा भारताकडून खेळला. 1-1 झाला तो सामना. मी फक्त त्याचे पाय बघत होतो. पहिल्यांदा चेंडूवर घसरून गेला तेव्हा मी डोळे मिटले.

कलूरचा पुणेकर

सात वर्षं कोचीत आहे, कलूरच्या स्टेडियमवर नेमाने जातो. झिंगनचं नाव निघालंय तर दुसरी बाजूही लिहितो, कारण इथे सगळा हिशोब चाहत्यांकडूनच मागितला जातोय.

2014 च्या पहिल्या मोसमापासून तो आमच्या केरळ ब्लास्टर्स क्लबचा होता. 2019-20 चा अख्खा मोसम तो गुडघ्यामुळे बाहेर होता, संघ सातवा आला, तरी पिवळ्या गर्दीत त्याच्या 21 नंबरच्या जर्सी दिसत राहिल्या. मे 2020 मध्ये तो क्लब सोडून गेला तेव्हा क्लबने तो 21 नंबर कायमचा बाजूला ठेवला. भारतात असा मान किती जणांना मिळाला?

आणि फेब्रुवारी 2022 मध्ये, मोहन बागानकडून आमच्याशी वास्कोच्या टिळक मैदानावर 2-2 बरोबरी झाल्यावर, कॅमेऱ्यासमोर तो म्हणाला की बायकांबरोबर मॅच खेळून आलो. त्यानंतर इथल्या लोकांनी तो नंबर पुन्हा वापरात आणा अशी मागणी केली. त्याने माफी मागितली, पण लोकांचा राग खरा होता.

चाहत्यांनी तारीख विचारायची नाही, ओझं टाकायचं नाही, सगळं सोसायचं. ठीक. मग खेळाडूवर काहीच नाही? वाईट वर्षात जे तुमच्या मागे उभे राहिले त्यांच्याशी तुम्ही कसं वागता, हेही मोजायला नको का?

फोंड्याची लेक

पुणेकर, यावर मला बोलायलाच हवं. ते वाक्य तुम्हाला चाहते म्हणून लागलं, मला खेळाडू म्हणून लागलं. "बायकांबरोबर खेळून आलो" म्हणजे कमी प्रतीचं खेळून आलो. मी त्या वेळी ब्रेस लावून मैदानाला चालत फेऱ्या मारत होते. ते ऐकलं आणि घरी जाऊन दोन दिवस व्यायाम केला नाही. आईने विचारलं, तिला सांगता आलं नाही.

त्याने माफी मागितली, मी ती मानली. पण तुमचा हिशोब मला पटत नाही. तुम्ही 2019-20 मध्ये त्याच्यासाठी थांबलात, ते त्या वेळी केलंत, ते संपलं. 2022 ला त्याची पावती दाखवून वसुली करायची नसते. रागवायचंय तर वाक्यावर रागवा, ते चुकीचंच होतं. "आम्ही तुझ्या गुडघ्याच्या वेळी होतो" हे त्यात आणू नका. नाहीतर उद्या प्रत्येक जखमी पोर आधी विचार करेल की या लोकांचं प्रेम घ्यायचं की नाही, फेडावं किती लागेल.

कलूरचा पुणेकर

वसुली हा शब्द लागला, ताई. स्टेडियमवर तो नंबर बघून आम्ही रडलोय, त्यातून आलेलं होतं ते. तरी तुम्ही कुठून बोलताय हे कळलं. मी माझं मत बदललेलं नाही, पण तुमच्याशी भांडणार नाही.

पेठकरी

ताई, एक विचारू का? आमच्या पोराला आता चौथा महिना लागलाय. मी आठवड्यातनं एकदा जातो. काय बोलावं ते सुचत नाही, मग आपोआप तोंडातनं तेच निघतं, कधी उतरतोस. तो हसतो आणि टीव्ही लावतो. तुम्हाला त्या वेळी कुणी काय विचारायला हवं होतं?

फोंड्याची लेक

आज गुडघा किती वाकला? एवढंच. कुणीतरी विचारावं आणि मी सांगावं, एकशे पाच अंश. आणि त्याने पुढच्या आठवड्यात तो आकडा लक्षात ठेवून यावं.

गुडघ्याचा फिजिओ

पेठकरी, चौथ्या महिन्यात वाकणं बहुतेक पूर्ण झालेलं असतं, ते विचारून उपयोग नाही. मांडीचं विचारा. वाटीच्या वर चार बोटं सोडून दोन्ही पायांचं माप घ्यायचं, पाय सरळ आणि मांडी सैल ठेवून. घरात शिवणाची टेप असेलच. आणि एका पायावर खुर्चीतून उठता येतं का ते बघा, पण मागे तुम्ही उभे राहा. उडी मारायला सांगू नका, त्याने मारतो म्हटलं तरी.

पेठकरी

उद्या संध्याकाळी जातो. टेप मावशींकडनं घेतो, त्या ब्लाऊज शिवतात. आकडा इथं लिहू का?

फोंड्याची लेक

आधी त्याला विचारा. चालत असेल तर लिहा. नसेल तर कॅलेंडरवर.