गाडीतला नकाशा बायपासवर वाजतो, भेरूघाटात गप्प. असं का?

रामबागकर, इंदूर:
मंडळी, नव्या गाडीत वेगमर्यादेचा लाल गोल दिसतो. बायपासवर तेजाजीनगर चौराह्याच्या अलीकडे, मुख्य रस्त्यावर असूनही, मध्येच ४० दाखवतो आणि बीपबीप सुरू होतं. ओंकारेश्वरला जाताना सिमरोलच्या पुढे भेरूघाटात मात्र काहीच सांगत नाही. बाबा म्हणतात, बंद करून टाक. ही माहिती येते कुठून? आणि चुकीची असेल तर आपल्याला सुधारता येते का?

नकाशेवाली:
दादा, बंद करू नका. आधी कोणता आवाज कशाचा ते बघा. ८० ओलांडल्यावर थांबून थांबून आणि १२० च्या पुढे सतत वाजणारा बीप वेगळा. तो जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना सक्तीचा आहे, नकाशाशी त्याचा संबंध नाही. लाल गोलातला आकडा कॅमेऱ्याने वाचलेल्या पाटीवरून येतो, नाहीतर नकाशात त्या रस्त्याच्या तुकड्यावर नोंदलेल्या मर्यादेवरून. बायपासला सर्व्हिस रोड अगदी चिकटून आहे. जीपीएस काही मीटर सरकलं की गाडी स्वतःला सर्व्हिस रोडवर समजते. कॅमेराही फसतो, ट्रकच्या मागचं ८० चं स्टिकर त्याला पाटीच वाटतं.

घाटाचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. डोंगराआडचं वळण कॅमेऱ्याला दिसणार नाही, ते आधी सांगेल तो नकाशाच. मी ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणालाही दुरुस्ती करता येते अशा खुल्या नकाशावर, भेरूघाटातून जाणाऱ्या खंडवा रोडचं काम करते. तिथे रस्ता म्हणजे बिंदू जोडून काढलेली रेघ. ओळीने तीन बिंदू घेतले की वळणाची त्रिज्या निघते आणि त्यावरून झेपेल तो वेग. त्रिज्या १०० मीटर असेल तर ५० च्या आसपासचा वेग आरामात निभतो. ५० मीटर असेल तर ३५ वर यायला हवं. कुणी घाईत वळण दोन-चार बिंदूंत उरकलं, तर हिशोबात ते सौम्य ठरतं आणि इशारा येतच नाही. म्हणून मी वळणावर बिंदू दाट टाकते. ज्यावरून रेघ काढतो ते उपग्रहचित्र डोंगरात सरकलेलं असू शकतं, तेव्हा जीपीएसच्या नोंदींशी ताडून बघते.

तुमच्या गाडीत नकाशा कोणाचा आणि कधीचा आहे ते सेटिंगमध्ये बघा. तो दुसऱ्या कुणाचा असेल तर दुरुस्ती त्यांच्याकडेच कळवावी लागेल.

धामणोद लाइन:
ताई, मी ट्रॅव्हल्स चालवतो. धामणोदजवळच्या गणपती घाटात उतरणाऱ्या गाड्यांसाठी नवा रस्ता झाला, तरी माझ्या फोनातला नकाशा बरेच दिवस जुन्याच उतारावर नेत होता. त्या उतारावर ब्रेक फेल होऊन किती माणसं गेली! जड गाडीला वळणापेक्षा उतार मारतो. तो नकाशात घालता येतो का?

नकाशेवाली:
येतो, भाऊ. १०० मीटरला ६ मीटर उतरला तर ६ टक्के, असं त्या तुकड्यावर नोंदवायचं. पण रेघ ज्या दिशेने काढलीय त्या दिशेने उतार असेल तर आकडा उणे हवा. चिन्ह चुकलं की चढणाऱ्याला इशारा मिळतो आणि उतरणाऱ्याला नाही. उंचीची फुकट मिळणारी उपग्रह-माहिती ३० मीटरच्या चौकटीची असते, डोंगर कापून काढलेल्या रस्त्याचा उतार त्यातून नीट निघत नाही. उताराच्या पाटीचा फोटो मिळाला तर फार उपयोग होईल. तुम्ही काढू नका, क्लीनरला काढायला सांगा.

रामबागकर:
आम्ही रविवारी सिमरोलकडे जातोय. बाबा शेजारी बसून नोंदी घेतील. गावांजवळचे स्पीडब्रेकरही टिपू का?

नकाशेवाली:
नक्की टिपा. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस, रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था) मानकात गोल ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितलाय, साधारण २५ च्या वेगासाठी. गावाबाहेर पाटी नसलेले, रंग उडालेले उंचवटे असतात, त्यांच्यावर रात्री बाईकवाले पडतात. ते आधी हवेत. बिंदू रस्त्याच्या रेघेवरच ठेवा, बाजूला नको. बाजूला पडला तर तो कोणत्या रस्त्यावर आहे हे गाडीला कळत नाही.