निवेदनातून भावना काढून टाका म्हणणं मला पटत नाही

टाक

एका निवेदनाचा मसुदा ज्येष्ठ सहकाऱ्यांना दाखवला. एकच शेरा मारून परत आला: "भावना काढा, मुद्दे ठेवा." दोन दिवस डोक्यात तेच घोळतंय, म्हणून इथे मांडतो.

मन वळवण्याचे तीन मार्ग ॲरिस्टॉटलने सांगितले. इथॉस म्हणजे बोलणाऱ्यावरचा विश्वास, पॅथॉस म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात जागी होणारी भावना आणि लोगॉस म्हणजे युक्तिवाद. यातल्या पॅथॉसकडे आपण कायम संशयाने बघतो. पण 'ऱ्हेटोरिक' या वक्तृत्वावरच्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात त्याने राग, भीती, करुणा एकेक करून उलगडल्या आहेत. राग येतो तेव्हा माणसाची मनःस्थिती काय असते, तो कोणावर येतो, कशामुळे येतो? म्हणजे भावनेलाही कारण असतं आणि ते कारण खरं की खोटं, हे तपासता येतं.

१७८८-८९ मध्ये ब्रिटनमधल्या गुलामव्यापारविरोधी कार्यकर्त्यांनी गुलाम वाहून नेणाऱ्या 'ब्रूक्स' या जहाजाचा आराखडा छापला. कायद्याने त्यात ४५४ माणसं न्यायला मुभा होती. एका पुरुषामागे जागा धरली होती सहा फूट लांब आणि एक फूट चार इंच रुंद. त्या मापाने एकाला एक खेटून आडव्या काढलेल्या आकृत्या. तो कागद बघितला की पोटात कालवतं. आता यातून भावना काढायची म्हणजे नेमकं काय काढायचं?

समास

तुमच्या सहकाऱ्यांचं बरोबर आहे. त्याच ग्रंथाच्या सुरुवातीला ॲरिस्टॉटल म्हणतो की न्याय करणाऱ्याला राग किंवा दया आणून वाकवणं म्हणजे जी पट्टी वापरायची तीच आधी वाकडी करणं. हे सोडून पुढचं तेवढं सांगणं योग्य नाही.

आणि अथेन्सच्या वर्चस्वाखालचं ग्रीक शहर मायटिलीनी आठवा. इ.स.पू. ४२७. त्या शहराने बंड केलं म्हणून अथेन्सच्या सभेने संतापाच्या भरात ठराव केला: सगळे प्रौढ पुरुष मारा, बायकामुलांना गुलाम करा. दुसऱ्या दिवशी पुन्हा चर्चा झाली. क्लीऑन ठरावावर अडून होता. डायोडोटसने विरोध केला, पण दयेची याचना केली नाही. दयेला बळी पडा असं मी म्हणत नाही, अथेन्सचं हित कशात आहे ते बघा, असं त्याने बजावलं. त्याच्या बाजूने निसटता कौल पडला आणि शहर वाचलं. राग चढला तो भावनेमुळे, उतरवला तो युक्तिवादाने.

टाक

उदाहरण अर्धं सांगितलंत. दुसऱ्या दिवशी सभा भरली तीच मुळी आपला ठराव क्रूर आहे ही टोचणी लोकांना लागली म्हणून. त्या काळचा ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस याने तसं लिहून ठेवलंय. ती टोचणी नसती तर डायोडोटसला बोलायला उभं राहायला मिळालं नसतं.

पुढचंही बघा. कत्तलीचा हुकूम घेऊन निघालेलं पहिलं जहाज रेंगाळत गेलं, कारण असलं काम घेऊन जायची कोणाला घाई नव्हती. हुकूम रद्द झाल्याचा निरोप घेऊन मागून सुटलेल्या जहाजावरचे वल्हेकरी वल्ही न थांबवता दारू-तेलात कालवलेलं सातूचं पीठ खात होते, पाळीपाळीने झोपत होते. बंडाचे म्होरके मारले गेले ते गेलेच, पण बाकीचे वाचले. नुसत्या हिशोबाने माणसं अशी वल्हवत नाहीत.

शिरोरेखा

दोघेही इथॉस विसरताय. माझा अनुभव सांगते.

आम्ही एका कार्यालयाकडे पायऱ्यांशेजारी उताराची (रॅम्पची) मागणी करत होतो, चाकाची खुर्ची वर जावी म्हणून. पहिल्या अर्जात मी 'वेदना', 'अन्याय', 'माणुसकी' सगळं ओतलं होतं. उत्तर आलं नाही. मग एक दिवस त्या पायऱ्यांशी जाऊन बसले. अकरा पायऱ्या, कठडा एकाच बाजूला. एक बाई आल्या. त्यांनी कुबड्या आधी वरच्या पायरीवर टेकवून ठेवल्या, मग बसून, हातांवर भार देत एकेक पायरी मागे सरकत चढल्या. वर पोचल्यावर पहिल्यांदा साडी झटकली. दुसऱ्या अर्जात एवढंच लिहिलं. सोबत मोजमापं दिली आणि समोर जागा अरुंद आहे ही त्यांची अडचणही कबूल केली. भेटीची वेळ मिळाली ती त्या कबुलीमुळे, असं त्या अधिकाऱ्यांनीच सांगितलं.

विश्वास हा मोठ्या नावातून नव्हे, बोलण्यातूनच निर्माण व्हायला हवा, असं ॲरिस्टॉटलचंही म्हणणं आहे. समजूतदारपणा, सचोटी आणि समोरच्याबद्दल सद्भाव या तीन गोष्टी वाचणाऱ्याला शब्दांतून दिसाव्या लागतात.

समास

शिरोरेखा, तुमचा दुसरा अर्ज मलाही मान्य आहे. त्यात विशेषणं नाहीत, जे घडलं ते आहे. आराखड्याबद्दलही टाक यांचं ऐकतो.

तरी माझी मूळ भीती कायम आहे. तुम्हाला त्या बाई दिसल्या. ज्या प्रश्नाला असा चेहराच नाही त्याचं काय? हळूहळू दूषित होणारं पाणी, पन्नास वर्षांनी खचणारा पूल. तिथे कोणी साडी झटकत नाही. भावनेवर निर्णय घ्यायची सवय लागली की असे प्रश्न रांगेत कायम शेवटी राहतात.

टाक

याला माझ्याकडे पुरं उत्तर नाही. पण आकड्यांना चेहरा देता येतो, हे ब्रूक्सच्या आराखड्यात दिसतं. मसुदा परत लिहायला घेतलाय. 'अत्यंत दयनीय' हे शब्द खोडले. त्या जागी काय दिसलं ते लिहितोय.