मुलांना कीटक, कोळी, खेकडे यांचे गट शिकवायचे आहेत, काय घेऊ? (नागपूर, बजेट ५००)

धरमपेठची_आई: लेक ७ वर्षांची, मुलगा १०. पाल सोडून घरात जे काही फिरतं ते सगळं दोघांसाठी 'किडा'. संधिपाद (सांध्यांच्या पायांचे जीव) आणि त्यांचे मुख्य गट समजतील असं काहीतरी सुचवा. पुस्तक, खेळणं, काहीही. ५०० च्या वर जाणार नाही.

वर्धारोडवाला: मायक्रोस्कोप घ्या. आम्ही ४,२०० चा घेतला, एकच नंबर! माशीचा डोळा पाहून पोट्टं रात्री झोपलंच नाही.

धरमपेठची_आई: दादा, ५००.

संत्रानगरी_२: पारदर्शक ठोकळ्यात बसवलेले खरे किडे ऑनलाइन मिळतात, ते घेऊ नका. मला विंचू आला आणि डब्यावर 'कीटक' छापलेलं. तक्रार केली, उत्तर नाही.

कढीपत्ता_फॅन: काऊन पैसे घालवता जी? कढीपत्त्याच्या नाहीतर लिंबाच्या झाडावर सुरवंट शोधा. लहान असतो तेव्हा पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसतो, मोठा झाला की हिरवा. डिवचलं की डोक्यामागून लालसर शिंग काढतो, उग्र वास येतो. बरणीला जाळीचं कापड बांधा, रोज ताजा पाला द्या. कात टाकताना, कोष करताना सगळं दिसतं.

तर्कट: सुरवंटाला १६ पाय. मग कीटकाला ६ हे कसं पटवणार?

कढीपत्ता_फॅन: पुढचे ६ खरे, सांध्यांचे. मागचे १० नुसत्या मांसल गाद्या, फुलपाखरात राहत नाहीत. भिंगातून दाखवा ना.

निवृत्त_मास्तर: पाय मोजायला लावा. कीटक ६, कोळी-विंचू-गोचीड ८, खेकडा-झिंगा १०. गोमेला दर वळ्याला एक जोडी, वाणीला (मिलिपीड) बहुतेक वळ्यांना दोन. पहिल्या पावसानंतर मृगाचा लाल मखमली किडा दिसला तर मोजा: ८ भरतील, तो कोळ्यांच्या गोतातला. गोमेला मात्र हात लावू देऊ नका, तिच्या पायांची पहिली जोडी म्हणजे विषारी नखं.

सावजीप्रेमी: झिंगे आणा, पाय मोजा, मग रस्सा करा.

वर्धारोडवाला: शाकाहारी असले तर? मायक्रोस्कोपला ही भानगडच नाही.

निवृत्त_मास्तर: कुंडी उचला. खाली राखाडी, १४ पायांचे जीव असतात, काही हात लावला की गोळी होतात. तेही खेकड्याच्याच कुळातले, पण जमिनीवर राहणारे.

संत्रानगरी_२: मीही तेच म्हणते, पाय मोजा. आणि बर्डीवरचे प्लास्टिकचे सेट अजिबात नको, त्यात काहीही पाय असतात.

धरमपेठची_आई: सगळ्यांचे आभार. बर्डीवरून प्लास्टिकचाच डबा आणला, १८० ला. मुंगीला ८ पाय, कोळ्याला ६. दोघं बसून चुकीचे वेगळे काढून राहिले, भांडणं सुरू आहेत. सुरवंटाचं नाव काढलं तर सासूबाई "घरात नको" म्हणाल्या.

वर्धारोडवाला: म्हणजे ३२० उरले ना? थोडे अजून टाका...