आप्पा काळे पडत चाललेत आणि लोणच्याचा खार पितात, हे काय असेल?

चाकणचा चोपडेकर
राम राम मंडळी. मी चाकणला कंपनीत, आईवडील चोपडा तालुक्यात तापीकाठच्या गावी. आप्पांचं वय ५४, केळी आणि थोडा कापूस. पाडव्याच्या आधीपासूनच गळायला लागलेत. वजन ७१ होतं, आता ५८. जेवण नको, सकाळी उलटी, खाटेवरून उठलं की भोवळ. हा माणूस केळीचा घड खांद्यावर टाकून एका दमात बांधापर्यंत जायचा. आता न्हाणीतून ओट्यावर येईपर्यंत दोनदा बसतो.

चार दवाखाने झाले. आधी विडाल पॉझिटिव्ह म्हणून टायफॉइडची इंजेक्शनं. मग गॅस म्हणून दुर्बीण घातली, किरकोळ सूज निघाली. मग मे उजाडला, ४५ अंश, आणि सगळे एकच बोलू लागले: ऊन लागलंय. मलाही पटलं, कारण काळेही पडलेत. गावात कुणी कावीळ म्हणालं, तर बिलिरुबिन ०.८ आलं. सलाईन लावली की दोन दिवस बरे, पुन्हा तेच.

परवाचे रिपोर्ट: सोडियम ११९, पोटॅशियम ५.९, साखर ६२. बीपी ८६/५८. घामाने मीठ गेलंय, ओआरएस आणि शहाळं द्या, असं सांगितलं. अंगात ताकद यावी म्हणून आई रोज चार केळी खाऊ घालते, बागेतलीच.

अजून एक, सांगू की नको असं झालंय. भाकरीवर चमचाभर मीठ घेतात, आणि लोणच्याच्या बरणीतला खार वाटीत ओतून पितात. आई ओरडली तर म्हणे, "माले दुसरं काहीच गोड लागस नही."

पुण्याला घेऊन येऊ का?

बांधावरचा
भाऊ, ऊनच आहे. माझ्या काकांना असंच झालं होतं. कैरीचं पन्हं, कपाळाला कांदा, आणि दुपारी शेतात जाऊ देऊ नका. कावीळ उतरवणारा पाहिजे असेल तर यावलकडे एक जण आहे.

जळगावचा फिजिशियन
पन्हं वाईट नाही, पण या माणसाला आता पन्ह्यावर ठेवू नका.

एक आकडा उन्हाच्या गोष्टीत बसत नाही. ज्याला रोज उलट्या होतात त्याचं पोटॅशियम बहुधा खाली येतं. यांचं वर गेलंय. सोडियम खाली, पोटॅशियम वर, साखर कमी, बीपी कमी आणि मिठाची हाव, हे सगळं एका माळेत ओवलं की मला किडनीच्या डोक्यावर बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी आठवतात, ॲड्रिनल. त्यातलं कॉर्टिसोल आणि मीठ धरून ठेवणारं हार्मोन संपलं की असं होतं. खार पिणं हा आप्पांचा चाळा नाही, शरीरच मीठ मागतंय.

आईला फोन लावून एवढं बघायला सांगा. तळहाताच्या रेषा काळ्या झाल्यात का? हिरड्या, ओठाची आतली बाजू? करदोट्याखालची कातडी? जुन्या जखमांचे वण? ऊन तिथे पोहोचत नाही. आणि दोन प्रश्न: पूर्वी कधी टीबी झाला होता का? गुडघ्यासाठी कुठल्या पुड्या खायचे का?

केळी आणि शहाळं आजपासून बंद. दोन्हींत पोटॅशियम भरपूर.

चाकणचा चोपडेकर
व्हिडिओ कॉलवर पाहिलं. अंगावर काटा आला, डॉक्टरसाहेब. तळहाताच्या रेषा पेनाने गिरवल्यासारख्या. हिरड्यांवर शाईचे डाग पडावेत तसे ठिपके. नांगराचा फाळ लागून पायावर पांढरट वण होता, तोही काळा. करदोट्याखाली तर पोटापेक्षा जास्त काळं.

टीबी झाला होता! वीसेक वर्षांपूर्वी, फुप्फुसाचा. सरकारी दवाखान्यात समोर बसवून गोळ्या द्यायचे. चार दवाखान्यांत कुणी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. पुड्या नाहीत.

जळगावचा फिजिशियन
पुड्यांचं विचारलं, कारण आपल्याकडच्या सांधेदुखीच्या पुड्यांत बरेचदा स्टिरॉइड असतं आणि त्या एकदम बंद केल्या की अशीच मरगळ येते. पण त्यात माणूस काळा पडत नाही, पोटॅशियमही चढत नाही. बी१२ कमी असलं तरी बोटांचे सांधे काळे होतात, पण हे आकडे त्याने येत नाहीत.

काळं का, तर ग्रंथी काम करेना म्हणून मेंदूतली पिट्यूटरी तिला सारखी हाकलत राहते, आणि त्या हाकलणाऱ्या हार्मोननेच कातडीतला रंग वाढतो. १८५५ साली लंडनच्या टॉमस ॲडिसनने हे लिहून ठेवलं, आजाराला नावही त्याचंच. त्याच्या रुग्णांतही क्षयाचे बरेच होते.

पुण्याला नेऊ नका, आठ-नऊ तासांत काहीही होईल. आज रात्रीच जळगावला आयसीयू असलेल्या ठिकाणी न्या. सांगायचं ते असं: ॲड्रिनल क्रायसिसची शंका आहे. कॉर्टिसोल आणि एसीटीएचसाठी (पिट्यूटरीचं ते हाकलणारं हार्मोन) रक्त काढून ठेवा, पण रिपोर्टसाठी थांबू नका. हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधाच्या रूपातलं कॉर्टिसोल, १०० मिलिग्रॅम शिरेतून, सोबत नॉर्मल सलाईन. ईसीजीही काढतीलच. मी पेशंट पाहिलेला नाही, पुढचं तिथले डॉक्टर ठरवतील.

चाकणचा चोपडेकर
पाच दिवसांनी लिहितोय. त्या रात्री मामाने गाडी काढली. इंजेक्शन रात्री एकला दिलं. सकाळी मी पोहोचलो तर आप्पा उशीला टेकून बसलेले, पहिला प्रश्न, मोटार कोणी चालू केली? बीपी ११०/७०. सोडियम मुद्दाम हळू वाढवत आहेत, दिवसाला ८ च्या वर नको म्हणाले, नाहीतर मेंदूला इजा होते.

कॉर्टिसोल सकाळी १.४ आलं, म्हणजे फारच कमी, एसीटीएच मर्यादेच्या कितीतरी वर. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही ग्रंथी सुजलेल्या. एक बुरशी पण असंच करते म्हणून सुईने नमुना घेतला. सीबीनॅट या टीबीच्या तपासणीत टीबीच निघाला. उद्यापासून टीबीच्या गोळ्या.

धुळ्याची ताई
भाऊ, थांब, हे वाच. मला हाच आजार, सहा वर्षं झाली. निदान व्हायच्या आधी आठ महिने मी डिप्रेशनच्या गोळ्या खात होते.

टीबीच्या गोळ्यांत रिफाम्पिसिन असतं. ते हायड्रोकॉर्टिसोन शरीरातून भराभर संपवतं. माझा डोस कुणी वाढवला नाही, तिसऱ्या आठवड्यात पुन्हा उलट्या. सगळे म्हणाले टीबीच्या गोळ्या सोसत नाहीत, आणि त्याच बंद करायला निघाले! डॉक्टरांना आजच विचार.

हायड्रोकॉर्टिसोनची गोळी चुकवायची नाही. मी कानबाईच्या रोटांच्या गडबडीत चुकवले दोन डोस, वर रात्रभर जागरण. सकाळी विसर्जनाला जाताना रस्त्यातच बसले, बायांनी रिक्षात घातलं. ताप आला की डोस दुप्पट. उलटीत गोळी पडली तर इंजेक्शन. माझ्या पर्समध्ये इंजेक्शन, सिरिंज आणि आजाराचं नाव लिहिलेली चिठ्ठी असते, आप्पांच्या बंडीच्या खिशात पण ठेव.

जळगावचा फिजिशियन
ताई बरोबर सांगतात. रिफाम्पिसिन चालू असेपर्यंत डोस वाढवूनच ठेवावा लागतो, आणि ते संपल्यावर आठवणीने पुन्हा कमी करायचा.

चाकणचा चोपडेकर
विचारलं. डोस वाढवून दिला, चिठ्ठीही लिहून दिली. मीठ धरून ठेवणारी फ्लुड्रोकॉर्टिसोनची गोळी वेगळी आहे. बांधावरचे दादा, राग नाही, आमचंही तेच मत होतं.

एक राहिलं. पोटॅशियम ४.३ आलंय. आई विचारते, घरची केळी आता देऊ का?

जळगावचा फिजिशियन
तिथल्या डॉक्टरांना विचारून एक द्या. खार अजून पितात का?

चाकणचा चोपडेकर
काल बरणी मागितली नाही. मामीने डब्यात शेवभाजी आणली होती, खारट झाली म्हणून तिच्यावरच खेकसले.